विमानापघातांची चौकशी : ‘कोण?’ आणि ‘कसे?’

४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात एक सुखोई विमान कोसळले. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने खाली उतरले आणि सुदैवाने वाचले. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला, तेव्हापासून या जिल्ह्यातील कितीतरी घरांत विमानाच्या कामाचा पगार येतो. त्यामुळे असली बातमी नाशकात परकी राहत नाही. सायंकाळी सातपूरच्या एका टपरीवर आम्ही चहा घेत होतो, आणि पेला रिकामा होण्याच्या आत तेथे चार निकाल लागले. एकाने वैमानिकाला दोषी ठरविले, दुसऱ्याने फिटरला, तिसऱ्याने सुटे भाग देणाऱ्याला, आणि चौथ्याने तर घातपातच पक्का करून टाकला. विमानाचे तुकडे अजून गोळा व्हावयाचे होते. आरोपी मात्र मिळालेला होता!

या मंडळींना हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. विमानविद्येची पदवी आमच्यापाशी नाही. शाळा दहावीशीच सुटली आणि पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयाच्या टेबलावर झाले. पण चौकश्या मात्र आम्ही पुष्कळ पाहिल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाची तीन बोटे गेली. आम्ही आत पोहोचलो तेव्हा जेमतेम तासभर झाला असेल. तेवढ्यात फरशी धुऊन झाली होती, यंत्र पुसून पुन्हा चालू झाले होते, आणि कागदावर कारणही लिहून झाले होते : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ यंत्रापुढची संरक्षक जाळी कोणी, केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने काढली, हे सांगणारा एकही माणूस पुढे आला नाही. ज्यांनी पाहिले होते त्यांनाही आपापली नोकरी होती.

त्या प्रसंगानंतर आम्ही विमानापघातांच्या चौकशीसंबंधी मिळेल ते वाचू लागलो. अपघातानंतर फरशी धुतली जात नाही असा एखादा धंदा जगात आहे की नाही, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते. तसा धंदा आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या मुलखालाही शिवून गेलेला आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

आंतरराष्ट्रीय मुलकी विमान वाहतूक संघटनेने ११ एप्रिल १९५१ रोजी अपघातांच्या चौकशीची एक नियमावली स्वीकारली. शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट या नावाने ती ओळखली जाते. अपघात कोणत्या देशात झाला, विमान कोणाचे, ते बांधले कोणी, आणि यांपैकी कोणी चौकशीत कोठे बसावयाचे, हे तिने ठरवून दिले. पुढे तिच्यात असेही स्पष्ट लिहिले गेले की, चौकशीचा एकमेव हेतू पुन्हा तसा अपघात होऊ न देणे हा आहे. दोष वाटणे हा नव्हे. आपल्या देशाच्या नियमांतही हे तत्त्व आलेले आहे. ते वाचताना सोपे वाटते. आचरताना किती कठीण जाते, हे पाहावयाचे तर प्रत्यक्ष अपघातांकडेच गेले पाहिजे.

ज्या काळात ही नियमावली नवी होती, त्याच काळात ‘कॉमेट’ नावाचे इंग्लंडचे नवे जेट विमान आकाशात मोडू लागले. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून कोसळले आणि ४३ माणसे गेली. वादळ डोळ्यांपुढे होते. तेव्हा वादळी झोतांनी किंवा त्यांच्याशी झगडताना वैमानिकाने दिलेल्या जोराने विमान मोडले असावे, असा निष्कर्ष निघाला. पण १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट समुद्रात पडली, आणि तेथे वादळ नव्हते. मग फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एक अखंड विमान पाण्याच्या हौदात घातले आणि आतील दाब वाढवीत व उतरवीत त्यास हजारो उड्डाणांचा ताण दिला. शेवटी खिडकीच्या कोपऱ्यापाशी धातू थकून फाटला. तार वारंवार वाकविली की एका क्षणी तुटते, हे आपल्या प्रत्येक फिटरला ठाऊक आहे. एल्बाजवळ समुद्रतळातून काढलेल्या तुकड्यांनीही तीच साक्ष दिली. या विद्येचा पहिला धडा हा, की जे कारण डोळ्यांपुढे उभे असते, तेच खरे असेल असे नाही.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. ती नियमावली स्वीकारली गेली त्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ११ एप्रिल १९५५ रोजी, एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान दुपारी हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती आणि तिकडे जाणाऱ्या मंडळींसाठी चीनने हे विमान भाड्याने घेतले होते. प्रवासी ११ आणि कर्मचारी ८. कप्तान दा. का. जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, मार्ग आखणारे जे. सी. पाठक, हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी, आणि देखभालीचे इंजिनियर अनंत कर्णिक. जटार व कर्णिक ही नावे ऐकताच मराठी माणूस कान टवकारतो. आमचे लक्ष मात्र कर्णिकांच्या नावापेक्षा त्यांच्या कामावर अधिक खिळले, कारण हा माणूस हत्यारे हाताळणाऱ्यांपैकी होता.

पाच तासांचे उड्डाण झाले होते. विमान १८,००० फुटांवर होते, खाली नातुना बेटांजवळचा समुद्र. एकाएकी स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखाला आग लागली आणि आत धूर भरू लागला. जटारांनी उजवीकडचे एक इंजिन बंद केले, संकटाचे संदेश पाठविले, आणि विमान पाण्यावर टेकविण्याच्या उद्देशाने खाली आणले. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे वाटली व सुटकेची दारे उघडली. पंख पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. जटार, ग्लोरिया बेरी आणि सर्व प्रवासी धरून १६ जण गेले. दीक्षित, पाठक व कर्णिक हे तिघे वाचले. या विमानावरील पाच जणांना पुढे अशोकचक्र मालिकेतील सन्मान देण्यात आले, आणि कर्णिकांनी या घटनेवर पुस्तकही लिहिले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून कर्णिकांच्या जागी स्वतःस उभे करून पाहावे. विमान हवेत पेटले आणि देखभालीचा माणूस जिवंत राहिला. अवशेष समुद्रातच राहिले असते तर लोकांनी कोणाकडे बोट दाखविले असते, हे आमच्या कामगार बंधूंना सांगावयास नको. ‘इंजिनात बिघाड, देखभालीत हयगय’ असे चार शब्द लिहून ही फाईलही बंद करता आली असती. ती तशी बंद झाली नाही, याचे श्रेय चौकशीच्या पद्धतीला आहे.

ती पद्धत अशी. प्रथम वाचलेल्यांच्या साक्षी : आवाज कोणत्या बाजूने आला, धूर आधी कोठे दिसला, धोक्याचा दिवा केव्हा लागला, इंजिने त्या वेळी नीट चालत होती काय. मग अवशेष. समुद्रतळावरून ते वर काढण्यात आले. मोडक्या पत्र्याला वाचा असते, पण ती समजून घ्यावी लागते. पत्रा आतून बाहेर वळला की बाहेरून आत, यावरून स्फोट टाकीत झाला की टाकीबाहेर, हे कळते. आगीने काळवंडलेला भाग आणि धक्क्याने फाटलेला भाग वेगळे ओळखता येतात. उजव्या पंखाखाली चाक आत ओढून घेण्याची जी पोकळी असते, तिच्यातच सारी चिन्हे एकवटलेली आढळली, आणि तेथे घड्याळी यंत्राचे वेडेवाकडे झालेले अवशेष सापडले. त्या विमानाला त्या जागी घड्याळाचे काहीच काम नव्हते! मे १९५५ मध्ये इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने जाहीर केले की, त्या पोकळीत ठेवलेल्या टाइमबॉम्बने तिसऱ्या क्रमांकाची इंधनटाकी फोडली आणि आटोक्यात न येणारी आग लागली. डिटोनेटर अमेरिकन बनावटीचा होता, आणि बॉम्ब हाँगकाँगलाच ठेवला गेला असण्याचा संभव अधिक, असेही मंडळाने म्हटले.

‘कसे?’ याचे उत्तर मिळाले. ‘कोण?’ याचे काय झाले? हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय विमानतळावर विमानांची साफसफाई करणाऱ्या एका नोकरावर गेला. त्यास मोठ्या रकमेचे आमिष दाखविले होते, असे त्यांच्या तपासात दिसले. पकडला जाण्यापूर्वीच तो विमानाने तैवानला निघून गेला आणि तैवानने त्यास परत दिले नाही. हल्ल्याचा रोख चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता असे मानले जाते. ते त्या विमानात बसलेच नव्हते.

हे प्रकरण आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या मनाला एक ठेच लागली, ती लपवीत नाही. कर्णिक कामगार, म्हणून आम्ही मनोमन त्यांची बाजू घेऊन बसलो होतो; आणि ज्याच्यावर संशय ठरला तोही कामगारच निघाला! कामगार नेहमी निर्दोष असतो असे म्हणणारी संघटना ही, कामगार नेहमी दोषी असतो असे म्हणणाऱ्या मालकाची सख्खी बहीण होय. दोघेही चौकशीपूर्वीच निकाल देतात. पत्र्याच्या तुकड्यांनी कर्णिकांची बाजू घेतली नाही, की त्या नोकराची नाही. त्यांनी घडले ते सांगितले. आणि याच प्रकरणात दुसरीही गोष्ट दिसते : पैसे देणारे हात चौकशीच्या टप्प्याबाहेर राहिले. जो हात यंत्राला शेवटी लागतो त्याचा ठसा उमटतो. जो हात त्याला हलवितो त्याचा उमटत नाही. चौकशीची खरी परीक्षा तेथे असते.

घातपात नसेल तेव्हाही हेच दिसते. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर, ऐन पावसाळ्यात, सिडनीहून मुंबईमार्गे रोमला जाणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळले. ९४ जण होते. एकही वाचला नाही. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहो, अशी समजूत होऊन विमान फार लवकर खाली उतरविले गेले, आणि सुमारे ३,६०० फुटांवर सह्याद्री आडवा आला. चौकशीने कारण नोंदविले : मार्गक्रमणातील चूक. सोबत तीन गोष्टी नोंदविल्या. आपले ठिकाण पडताळण्यास उपलब्ध असलेली साधने वापरली नाहीत, ठरविलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही, आणि या मार्गावरील भूप्रदेशाची कर्मचाऱ्यांस ओळख नव्हती. पहिल्या दोन गोष्टी वैमानिकाच्या खात्यावर जातात. तिसरी मात्र त्याच्या एकट्याची नव्हे. ज्यास सह्याद्री ठाऊक नाही अशा माणसाला पावसाळी रात्री सह्याद्रीवरून पाठविते कोण? ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अहवालात दिसले की आम्ही तेथे पूर्णविराम न वाचता स्वल्पविराम वाचतो.

पुढे चौकशीला एक नवा साक्षीदार मिळाला. त्यास ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात, जरी त्याचा रंग नारिंगी असतो. खरे म्हणजे ते दोन असतात : एक विमानाची उंची, वेग, दिशा नोंदवितो, दुसरा वैमानिकांच्या कक्षातील बोलणे टिपतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. घातपाताची शंका लगेच उठली. पण उथळ पाण्यातून काढलेले अवशेष आणि ब्लॅक बॉक्स यांनी निराळीच हकीकत सांगितली. विमान कोणत्या बाजूस कललेले आहे हे दाखविणारे कप्तानापुढील उपकरण बिघडले होते. बाहेर काळा समुद्र आणि काळे आकाश. डोळ्यांना क्षितिजाचा आधार नाही. उपकरण उजवीकडे कल दाखवीत होते आणि विमान प्रत्यक्षात तसे नव्हते. ते दुरुस्त करावयास कप्तानाने विमान डावीकडे वळविले, आणि ते डावीकडे उलटतच गेले.

आता यात दोष कोणाचा? उपकरणाचा, की दुसऱ्या उपकरणाशी ते ताडून न पाहणाऱ्या माणसाचा? भारतातील चौकशीने कप्तानाच्या हालचालींवर बोट ठेवले, पण त्याचे उपकरण बिघडल्याचेही नमूद केले. विमान व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावा झाला, आणि तेथील न्यायालयाने कंपन्यांवरील हयगयीचा आरोप फेटाळला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चौकशीत विमान कंपनी आपली माणसे बसविते, बनविणारी कंपनी आपले तज्ज्ञ पाठविते, विमा कंपनी आपला वकील देते. मेलेल्या वैमानिकाच्या बाजूने कोण बसते? त्याची संघटना असेल तर ती. नसेल तर ती खुर्ची रिकामीच राहते.

ब्लॅक बॉक्सही सर्व काही सांगतो असे नाही. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ ‘कनिष्क’ विमान कोसळून ३२९ जण गेले, तेव्हा दोन्ही पेट्या सुमारे दोन हजार मीटर खोल पाण्यातून यंत्राच्या हातांनी वर काढल्या गेल्या आणि मुंबईस आणल्या गेल्या. आवाजाच्या फितीवर अखेरीस क्षणाच्या अंशाएवढा एक ध्वनी होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील तज्ज्ञांनीही तो तपासला. त्या ध्वनीवरून काय सिद्ध होते याविषयी देशोदेशींच्या तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. न्यायमूर्ती कृपाल यांनी फितीबरोबर अवशेष, सामानाच्या नोंदी आणि इतर पुरावा एकत्र जुळविला, तेव्हा बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष उभा राहिला.

अवकाशयानांचे अपघात याहून अवघड. तेथे अवशेष कित्येकदा जळून जातात. पण माणसांच्या वागणुकीचा पुरावा जळत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व सात जण गेले. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले, हे यांत्रिक कारण. फाइनमन या शास्त्रज्ञाने भर चौकशीत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते दाखवून दिले. परंतु रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आदल्या रात्रीच या थंडीत उड्डाण नको असे सांगितले होते, आणि वरिष्ठांनी ते बाजूस सारले होते! २००३ साली ‘कोलंबिया’ यान परतताना मोडले, तेव्हा टेक्सासच्या रानांतून व शेतांतून ८४,००० हून अधिक तुकडे वेचून एका शेडच्या जमिनीवर, ज्याच्या त्याच्या जागी, मांडण्यात आले. उड्डाणाच्या वेळी सुटलेल्या फेसाच्या एका तुकड्याने पंखाची कड फोडली होती. यान अवकाशात असतानाच काही इंजिनियरांनी पंखाची छायाचित्रे मागितली होती. ती घेतली गेली नाहीत. चौकशी मंडळाने लिहिले की, या अपघातास फेस जितका कारण, तितकीच संस्थेची रीत कारण. दोन्ही वेळी ज्यास दुखणे ठाऊक होते तो खाली होता, आणि ज्याच्या हाती निर्णय होता तो वर होता.

आपल्याकडे पूर्वी विमानांना परवाना देणारे खाते आणि अपघात तपासणारे खाते बहुधा एकच असे. २०१२ साली विमान अपघात चौकशी विभाग वेगळा काढण्यात आला. पण दोन्ही खाती अजून एकाच मंत्रालयाखाली आहेत, ही उणीव लहान नव्हे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळून जमिनीवरील माणसे धरून २६० जण गेले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळी बंद स्थितीत गेल्या. एका वैमानिकाने दुसऱ्यास तू इंधन का तोडलेस असे विचारले, आणि दुसऱ्याने आपण तोडले नाही असे सांगितले. कोणी, कसे आणि का, हे त्या अहवालाने सांगितले नाही. तरी घरोघरच्या मोबाईलवर मृत वैमानिकांचा निकाल त्याच रात्री लागला. सातपूरची टपरी आता साऱ्या देशभर पसरली आहे, एवढाच याचा अर्थ.

आमचे म्हणणे कोणास शिक्षा होऊ नये असे नाही. बॉम्ब ठेवणारा गुन्हेगारच, आणि जाळी काढविणाराही. त्यांच्यासाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत. पण कारण शोधणाऱ्याने आपला टेबल त्यांच्या टेबलापासून दूर मांडावा, कारण खरे सांगितले तर नोकरी जाईल अशी ज्यास भीती आहे तो खरे सांगत नाही, आणि न सांगितलेले खरे उद्या दुसऱ्याचा बळी घेते.

त्या प्रेसवरच्या तरुणाचा डावा हात आजही आमच्या डोळ्यांपुढे येतो. त्याच्या प्रकरणात आम्ही हरलो. त्यानंतर संघटनेत आम्ही एक रीत घातली. अपघात झाला की आमच्या कार्यकर्त्याने प्रथम घोषणा द्यावयाची नाही. प्रथम यंत्राचे छायाचित्र घ्यावयाचे, कोणती वस्तू कोठे होती हे लिहून घ्यावयाचे, आणि फरशीवर पाणी पडू द्यावयाचे नाही. या रीतीमुळे दोन वेळा आमच्याच माणसाची चूक उघड झाली, हेही येथे नोंदविले पाहिजे. पण एका कारखान्यात जाळी परत बसली, आणि अजून ती जागेवर आहे.